जायफळांच्या पेटीतला चुना

मित्रांनो, दिसायला मी एक जुनी सागवानी पेटी आहे. पण आज सकाळी माझा जीव अगदी टांगणीला लागला होता.

साडेतीनशे वर्षांपूर्वी जावा बेटावरच्या सुतारांनी मला घडवले. डच कंपनीच्या जहाजांतून मी बांडा बेटांची जायफळे वाहिली. त्या बेटांवरच्या माणसांना मारून, हाकलून कंपनीने बागा बळकावल्या होत्या. ते बी दुसऱ्या कुणाला रुजवता येऊ नये म्हणून जायफळे चुन्याच्या पाण्यात बुडवत. तो चुना माझ्या आतल्या चारही कोपऱ्यांत बसला. पुढे मालक बदलले. कुणी माझ्यात कोळसा भरला, कुणी चपला. शेवटी अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून इलाने मला घरी आणले.

इला विद्यापीठात मसाल्यांच्या व्यापाराचा अभ्यास करते. मी खरोखर जायफळांची पेटी आहे, याला पुरावा एकच, तो चुना. आज दुपारी प्रयोगशाळेचा माणूस तो खरवडून न्यायला येणार होता. इलाचा तीन वर्षांचा प्रबंध त्यावरच अडला होता.

ती सकाळी बसने विद्यापीठात गेली आणि नागपूरहून आलेल्या तिच्या शोभामावशींनी माझे झाकण उघडले.

"अगं बाई, केवढी बुरशी ही! आणि पाहुणा यायचाय!"

त्यांनी व्हिनेगर आणि फडके घेतले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो! एक कोपरा गेला. दुसरा गेला. काय तो हातांचा उरक! मला त्या बाईंचा भयंकर राग आला. तिसऱ्या कोपऱ्यावर मात्र व्हिनेगर फसफसताना त्यांच्या नजरेस पडले आणि मावशी थबकल्या. घरच्या बादल्यांवरचा क्षार त्या असाच काढत. बुरशी काही फसफसत नाही. त्यांनी घाईघाईने इलाला फोन लावला.

"मावशी, स्टॉप! प्लीज, टच नको करूस! तेच तर सॅम्पल आहे!"

चौथा कोपरा वाचला. दुपारी इलासोबत आलेल्या प्रयोगशाळेच्या माणसाने भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. मग त्याने मान डोलावली.

"पुरेल म्हणतोय, मावशी," इला म्हणाली. "बाकीचे कॉर्नर्स आधीच डॅमेज्ड होते, असं लिहिते."

"खोटं नको लिहूस. तीन कोपरे मी धुतले. माझं नाव घाल."

जुन्या वस्तूवर फडके फिरवण्याआधी तिची चौकशी करा, एवढीच माझी विनंती. मावशींवरचा माझा राग मात्र तिथेच निवळला. इतक्या वर्षांत माझ्याभोवती पुष्कळ वाईट घडले. पण "हे मी केलं" असे म्हणणारे माणूस मला आज पहिल्यांदा भेटले.