नरम स्प्रिंगा

दोन बोटांत धरून दाबली तर ही थोडी तरी दबते, आणि ती दुसरी, तशीच दिसणारी, तेवढीच उंच, तेलाने तशीच ओशट, दबायचं नावच घेत नाही... विठूने दोन्ही स्प्रिंगा टेबलावर परत ठेवल्या, एकमेकींपासून लांब, कारण मिसळल्या तर नुसत्या डोळ्यांनी ओळखू येणार नाहीत. आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

पेणहून गॅरेज बंद ठेवून तो सकाळीच रोह्याला यूनुसच्या लेथवर आला होता. यूनुसने विठूच्या पोरीच्या, किमयाच्या, मोटरसायकलच्या इंजिनाचं नवं हेड तयार ठेवलं होतं – हवा आत घ्यायच्या वाटा रुंद केलेलं, मोठे वॉल्व्ह बसतील असं – आणि शेजारी कंपनीचं जुनं हेड, बिचारं, आता कोणी विचारत नाही असं. हेड पोरीने स्वतः निवडलेलं. त्यात लबाडी करायची सोय नव्हती, बघताक्षणी ओळखेल, बापाचीच पोर. पण वॉल्व्ह मिटवणाऱ्या या स्प्रिंगा एकदा झाकणाखाली गेल्या की कोण बघतंय? नरम घालायच्या, कडक घातल्या म्हणून सांगायचं. गाडी वेग धरणार नाही, सरळ रस्त्यावरच्या त्या शर्यतींत पोरगी एकदोनदा मागे पडेल, कंटाळेल, धाटावला लॅबमधली नोकरी हायच... सुटलो. बाप एवढं खोटं बोलला तर काय आभाळ कोसळतं? मी काय तिचं वाईट चिंतलंय?

"विठूभाऊ, कुठल्या घालू?" यूनुसने विचारलं.

"नरम."

"या हेडला?"

"बोललो ना."

"किती वजनाला दबते ते तरी बघ," यूनुस म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून विठूने त्यावर नरम स्प्रिंग उभी केली आणि दांडा हलकेच खाली ओढला. स्प्रिंग मुकाट दबत गेली, काटा जेमतेम हलला, आणि त्याला बरं वाटलं – अशीच गरीब हवी, अशीच सांगेल ते ऐकणारी – आणि तेवढ्यात, का कोण जाणे, तो पिस्टन आठवला. त्यानेच उघडलेल्या कुणाच्या तरी इंजिनातला, डोक्यावर वॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटलेला. स्प्रिंग नरम, वॉल्व्ह वेळेत मागे आला नाही, पिस्टनने त्याला गाठलं, इंजिन जाम, मागचं चाक जाम... गाडीवाला काखेत हेल्मेट घेऊन उभा, हेल्मेटची एक बाजू घासून पांढरी झालेली. आणि हा विठू, हाच, त्याला फाडफाड बोलला होता – अरे शहाण्या, नरम स्प्रिंगांवर एवढी पळवतात काय?

दांडा त्याच्या हातातून सुटला.

नवं हेड हवा ओढणारच, इंजिन जोरात फिरणारच. आणि किमया मागे पडली तर ॲक्सिलरेटरची मूठ ढिली करणार नाय, आणखी पिळणार – हे मला ठाऊक नाय? वेग कमी होईल म्हणून मी... मीच... सगळ्या तालुक्याला अक्कल शिकवणारा मी! मग त्याने टेबलाकडे पाहिलं. हेड रिकामं होतं. अजून काहीच घातलेलं नव्हतं. अजून काहीच झालेलं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि नुसता श्वास घेत राहिला, आणि देवा, तुझे किती उपकार, असं तो खरोखर मोठ्याने बोलला.

शिफ्ट सुटल्यावर किमया आली, हेल्मेटने केस चपटे झालेले. "कुठल्या घातल्यास बाबा?"

"घातल्या नाय अजून." आणि मग थांबता आलंच नाही. "मी नरम घालणार होतो, गो. तुला न सांगता."

तिने काट्यावरची स्प्रिंग उचलली, दाबून बघितली. तिला कळायला वेळ लागला नाही. "का?"

"भीती वाटते मला."

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती स्प्रिंग बोटांत फिरवत राहिली.

"मला पण वाटते," ती म्हणाली. "शर्यत सुटायच्या आधी पाय लटलटतात माझे."

"मग बोलली नायस कधी?"

"बोलले असते तर तू गाडी विकली असतीस."

"व्हय," विठू म्हणाला. "विकली असती."

या पोरीला भीतीच नाही, हेच तर इतके दिवस त्याची झोप खात होतं. आणि तिचे पाय लटलटतात! ज्याचे पाय लटलटतात तो कधीतरी मूठ सोडतो... सोडत असेल. कुणी सांगावं. शर्यत तर टळलेली नव्हती. कडक स्प्रिंगांवर गाडी उलट जास्तच पळणार होती. तरी कडक स्प्रिंगा यूनुसपुढे सरकवताना त्याची छाती कितीतरी हलकी झाली होती. पोरीला भीती वाटते म्हणून बापाला आनंद व्हावा, हे काही बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण झाला होता, आणि तो लपवावा असंही त्याला वाटेना.