बोटभर जागा

खोली कारखान्यात तयार होते आणि ट्रकवर बसून येते, हे मिस्त्रींना काही केल्या पटत नव्हतं. उभा जन्म विटा-सिमेंटात गेलेला माणूस तो. "खोली म्हणजे काय कपाट आहे? उचललं आणि ठेवलं!" असं ते भेटेल त्याला ऐकवत. पण गावातलं डायलिसिस केंद्र तसंच होणार होतं. फरशी, नळ, दिवे, अगदी आरशासकट खोल्या तिकडे तयार होत होत्या; इकडे फक्त त्या ठेवायला काँक्रीटचे बुटके खांब उभे करायचे होते. नाक मुरडत का होईना, ते काम मिस्त्रींनी घेतलं. कारण घरातच होतं.

त्यांच्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागे. त्यासाठी दूरच्या शहरात जायचं, अर्धा दिवस यंत्राला जोडून घ्यायचं आणि येताना गाडीच्या काचेला डोकं टेकून मळमळ दाबत बसायचं. बाई मूळची बोलकी, नवऱ्याची टर उडवण्यात पटाईत. ती आता गप्प गप्प राहू लागली. एके दिवशी परतताना ती शांतपणे म्हणाली, "अहो, महिनाअखेरपर्यंत येते. त्यापुढे मला या गाडीत घालू नका."

"अगं, तोवर इथलं केंद्र होतंय की."

"झालं तर बरंच. नाही झालं तर मात्र पुरे."

तिला घरी निजवून मिस्त्री तडक कामावर गेले आणि खांबांची शेवटची रांग त्यांनी एकट्यानेच ओतून टाकली. हात काम करत होते, डोकं भलतीकडेच होतं.

पुढे एकदाची क्रेन आली. पहिल्या खोल्या अशा अलगद बसल्या की मिस्त्री टोमणे मारायचे विसरले. मग आली सगळ्यात मोठी, उपचारांची खोली. ती टेकली आणि मागच्या बाजूला कलली. आतलं दार आपोआप उघडलं.

"कारखान्यातच वाकडी झाली असणार," क्रेनवाला वरून ओरडला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मिस्त्रींना मात्र बघताक्षणी उमगलं. आयुष्यभर ते प्लास्टरसाठी बोटभर जागा सोडून काम करत आले होते. राहिलेलं उणंदुणं प्लास्टरखाली झाकलं जायचं. इथे प्लास्टर नव्हतंच. त्या दिवशी हातांनी सवयीने शेवटच्या रांगेवर तीच बोटभर जागा सोडली होती. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. कारखानावाल्यांची फजिती झाली म्हणून गावात चार दिवस मिरवताही आलं असतं.

"खोली सरळ आहे, मॅडम," ते कारखान्याकडून काम बघायला आलेल्या तरण्या इंजिनीअरबाईंना म्हणाले. "खांब आखूड आहेत. माझेच."

इंजिनीअरबाईंनी खांबांची उंची मोजली आणि कपाळाला हात लावला. "काका, खांब वाढवायचे तर काँक्रीट सुकायला दिवस लागणार, आणि क्रेन उद्या दुसऱ्या कामावर जाणार. मग थेट दोन महिन्यांनी."

"दोन महिने नाहीत हो माझ्याकडे," मिस्त्री म्हणाले आणि तिथेच, सगळ्यांदेखत, त्यांनी घरची गोष्ट सांगितली.

इंजिनीअरबाईंनी मोजपट्टी खिशात टाकली. "तुम्ही ओतलेलं तपासायचं काम माझं होतं. तुमचं काम म्हणून मी नुसती नजर टाकली. तेव्हा चूक अर्धी माझी," त्या म्हणाल्या. "खालच्या फटीत घालायला लोखंडी पट्ट्या असतात आमच्याकडे. एवढी फट भरायला पुरणार नाहीत, पण जाड पत्रा मिळाला तर कापून घेऊ."

मिस्त्री वयाला न शोभेल असे पळत गेट-जाळ्या करणाऱ्याच्या दुकानात गेले. त्याने काही न विचारता हातातलं गेट बाजूला टाकलं आणि पट्ट्या कापायला घेतल्या. क्रेनवाल्याला खरं तर जेवायला जायचं होतं. तो जागेवरून हलला नाही, अख्खी खोली हवेत तोलून धरत म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मिस्त्री. माझ्या आईलापण हाच आजार होता." पट्ट्या बसल्या. खोली पुन्हा खाली आली. मिस्त्रींनी फरशीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. उघडं दार लावलं, ते लागलं आणि लागलेलंच राहिलं. मिस्त्रींनी सगळ्यांना हात जोडले. आजवर या खोल्यांना ठेवलेली नावं आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

महिना सरायच्या आत केंद्र सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात बायको घरून चालत आली, वाटेत एकदाच टेकली. नर्सने तिला यंत्राला जोडलं. मिस्त्री शेजारच्या स्टुलावर अवघडून बसले. त्यांचे डोळे सारखे फरशीकडे जात होते.

"काय शोधताय? काही पडलं का?"

"काही नाही. ही खोली बसली, त्यात किती जणांचे हात लागलेत ते तुला सांगायचंय."

त्यांनी सांगितलं. आपली चूकही सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

"एवढी वर्षं मी सांगत होते, तुमचं लक्ष नसतं. आज तोंडाने कबूल केलंत!"

मिस्त्रीही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तिने डोकं मागे टेकलं, खोलीभर नजर फिरवली.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या वेळी ती खिडकीजवळची खुर्ची मागून घ्या."