ओलं जाळं

जावयाला तोंड होतं, पण त्यातून 'नाही' हा शब्द काही केल्या निघत नसे. कुणी दार मागितलं तर बिजागरीसकट काढून देईल असा माणूस! सासूबाई हे आल्यागेल्याला ऐकवायच्या आणि तो आपला हसायचा.

आज कुणी हसत नव्हतं. त्यांनी पाळलेल्या कोळंब्या तळ्याच्या काठाला येऊन लागल्या होत्या, सुस्त, लालसर. मुलीने एकीचं कवच सोलून उजेडाला धरलं. आतून पांढरे ठिपके, मीठ सांडल्यासारखे.

"आई, काहीतरी औषध असेल ना?"

"असतं तर शेजाऱ्याचं तळं उजाड झालं असतं का गं?"

मत्स्यखात्याच्या डॉक्टरने त्यांना मागेच समजावलं होतं. कोळंबीच्या अंगात लढायची ताकद असते, पण आठवण नसते. मागचं दुखणं तिचं रक्त ध्यानात ठेवत नाही, म्हणून लस टोचून भागत नाही. सगळा भरवसा कवचावर, आणि कात टाकली की तेही नाही. तेव्हापासून फाटकापाशी पाय बुडवायला जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्याची कुंडी होती, खेकडे अडवायला भोवती जाळीचं कुंपण होतं, बाहेरची बादलीसुद्धा आत येत नव्हती. त्यांची दोन तळी आधीच गेलेली. हेही गेलं तर मुलगी-जावई पोटामागे परमुलखात जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी पाय बुडवले होते, आई. कपडेही बदलले," जावई म्हणाला.

"आणि जाळं?"

मागच्या आठवड्यात शेजाऱ्याने मेलेला माल काढायला फेकजाळं मागून नेलं होतं.

"ते परत द्यायला आले, चहाला बसले. त्यांच्यादेखत जाळं औषधात बुडवायचं म्हणजे... आधीच बिचारे खचलेले. म्हटलं, गेल्यावर बुडवू."

"मग?"

"राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबीची वाढ बघायला तेच टाकलं."

सासूबाईंनी पाण्याची झडप घट्ट बंद करायला लावली. हे पाणी खाली दुसऱ्याच्या तळ्यात जायला नको. मग तळ्यातला रोग मालासकट मारायला ब्लीचिंग पावडरची पोती फोडली. जावई नाकाला फडकं बांधून पावडर फेकत गेला. पाणी उकळल्यासारखं उसळलं, थोडा वेळ. मग नुसता वास राहिला.

मुलगी आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

जावई समोर येऊन उभा राहिला, हात पांढरे झालेले.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "जिथे जाल तिथे लोक तुम्हाला चांगलंच म्हणतील. शेजाऱ्याचं मन राखलंत. माझी लेक मात्र माझ्या दारातून घालवलीत. आता हात धुवा, आणि ते जाळं जाळून टाका."