शनिवारी वाजलेला खटखट्या

मी खटखट्या बोलतोय. वर्षातून दोनच दिवस तोंड उघडतो, तेव्हा आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या.

एक फळी, धरायला मूठ आणि फळीवर आपटणारे दोन लाकडी ठोकळे, एवढाच माझा देह. अठ्ठेचाळीस साली कोपरीच्या धाकू सुतारानं मोडक्या होडीच्या सागापासून मला घडवलं. ठाण्याच्या आमच्या चर्चमध्ये पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी घंटा वाजते आणि मग प्रभूच्या मरणाच्या शोकात मुकी होते. तेव्हा लोकांना प्रार्थनेला मी बोलावतो. शनिवारी सकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर 'ग्लोरिया' हे गौरवगीत गाऊ लागले, की घंटा पुन्हा गर्जते : ख्रिस्त उठला! पण त्याआधीच मी कपाटात गेलेला असायचो.

म्हणजे बघा, मला मरण पाठ होतं. पुनरुत्थान मी कधी पाहिलंच नव्हतं. दाराआडून दूरचा घणघणाट तेवढा कानी यायचा. मग वर्षभर झुरळांच्या सोबतीनं एकच प्रश्न मला कुरतडायचा. देव खरंच उठतो, की माणसं नुसती घंटा वाजवतात?

मला कपाटात ठेवायचा तो बस्त्याव, चर्चचा घंटावाला. "जा बाबा, झोप आता. तुझा शुक्रवार संपला," असं म्हणून तो माझ्या पाठीवर थाप मारायचा.

चोपन्न साली, उपवासकाळात, त्याचा एकुलता मुलगा इनास कळव्याहून होडीनं परतताना खाडीत बुडाला. आठ दिवस शोध झाला. होडी सापडली, इनास नाही. कबर खणायलाही काही हाती लागलं नाही.

त्या गुड फ्रायडेला बस्त्याव मला वाजवत गल्लीतून निघाला, तो थेट खाडीकाठी गेला. पाण्याकडे तोंड करून वाजवतच राहिला. होडीचं लाकूड मी, मला ते पाणी ठाऊक होतं. त्याची बायको रेजिन धावत आली आणि तिनं त्याची बाही धरली.

"चला. लोक थांबलेत."

एवढंच. एरवी ती त्याला 'इनासच्या बा' म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. आता ती हाक तिच्या ओठांवर येईना आणि दुसरी तिच्याजवळ नव्हती.

"प्रभूची कबर रिकामी निघाली, त्याचा सण करतात," बस्त्याव म्हणाला. "माझ्या पोराला तर कबरच नाय. उद्या कुठल्या तोंडानं घंटा वाजवू, सांग?"



शनिवारी त्यानं मला कपाटात ठेवलंच नाही. फादरांनी 'ग्लोरिया' सुरू केलं. बस्त्याव घंटेच्या दोरीखाली उभा होता, पण हात वळला तो माझ्याकडे. खट्, खट्, खट्! सगळं चर्च मागं वळलं.

"अरे बस्त्या, शुक्रवार संपला रे!" म्हातारा मनवेल खेकसला. "का येशूला परत पुरतोस?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बस्त्याव थांबेना. मी शरमेनं मेलो. पहिल्यांदाच त्या उजेडात आलो होतो आणि तिथंही मरणच ओरडत होतो.

बायकांच्या बाजूनं रेजिन उठली. ती त्याच्यापाशी आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

"प्रभूची शिष्या मरियापण त्याच्या कबरीपाशी रडतच होती," ती हळू म्हणाली. "प्रभू समोर उभा, अन् तिला वाटलं माळी हाय. त्यानं नाव घेतलं तिचं, तवा ओळखलं."

आणि लग्नाच्या सव्वीस वर्षांत जे घडलं नव्हतं ते तिनं भरल्या चर्चमध्ये केलं.

"बस्त्याव!"

तो दचकला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं, जणू त्या आवाजात आणखी कुणी बोललं होतं. मला पायरीवर ठेवून त्यानं दोन्ही हातांनी दोरी धरली.

माझा खिळा न् खिळा थरारला. बस्त्याव हुंदके देत दोरी ओढत होता. रडणं थांबलं नाही आणि घंटाही थांबली नाही.

इनास आजवर सापडलेला नाही. माझा प्रश्नही पुरता मिटलेला नाही, अजून कुरतडतो. पण बस्त्याव आता मला कपाटात कोंडत नाही. दर ईस्टरला मी त्याच पायरीवर असतो. माझे ठोकळे ढिले झालेत, एखाद्या शुक्रवारी निखळून पडतील. तोवर एवढंच मागतो : कुणाच्या हातातला शुक्रवार सुटत नसेल, तर त्याला हसू नका. जवळ जा आणि नावानं हाक मारा.