फ्रोसोच्या केसांची दृष्ट

फ्रोसोच्या डोक्यावर पुन्हा केस उगवू लागले आणि अर्गिरोच्या पोटात दुखायला लागलं.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. ग्रीसमधल्या वोलोस शहरात एकाच गल्लीत लग्न होऊन आल्या, एकाच गल्लीत विधवा झाल्या. साठीनंतर दोघींची टाळूही बरोबरच दिसायला लागली. मग अंगणात कॉफी पीत एकमेकींचा भांग बघायचा आणि खिदळायचं. "तुझा भांग आता हमरस्ता झालाय बाई," अर्गिरो म्हणायची. "तुझ्याकडे तर आख्खा चौक आहे, मला काय बोलतेस!" फ्रोसोचं उत्तर तयारच असे. अर्गिरोला त्या हसण्याचा फार आधार वाटायचा. फजिती वाटून घ्यायला कुणी असलं की ती निम्मी होते.

आणि मग फ्रोसोने सुया घ्यायला सुरुवात केली. दंडातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरागरा फिरवायचं, त्यातलं प्लेटलेटनी भरलेलं पिवळसर पाणी तेवढं वेगळं करायचं आणि बारीक सुईने डोक्यात टोचायचं. कापाकापी नाही, काही नाही. दोन-तीन खेपा झाल्या आणि तिच्या भांगाच्या कडेने लव उभी राहिली. पुढे तिचे चक्क केस झाले. फ्रोसो येताजाता त्यांवरून हात फिरवायची. अर्गिरोला तो हात बघवत नसे.

अर्गिरोही काही गप्प बसली नव्हती. कुणाला न सांगता ती फ्रोसोच्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. बाईंनी रक्त तपासलं आणि गोड आवाजात सांगितलं, "तुमच्या प्लेटलेटच कमी आहेत. तुम्हाला हा उपचार नाही करता येणार." म्हणजे केस तर गेलेच, वर स्वतःचं रक्तही फितूर. हे तिने फ्रोसोला सांगितलं नाही. उलट नाक मुरडून म्हणाली, "मला नाही बाई असली थेरं आवडत."

सप्टेंबरात फ्रोसोचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा सण आला. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्या घरी जमल्या. जी ती तिच्या केसांचं कौतुक करी आणि लगेच तिच्याकडे तोंड करून 'थू थू थू' करी. केलेलं कौतुक बाधू नये म्हणून ही थुंकी इकडे लागतेच. अर्गिरोची पाळी आली. "छान दिसतेस हं," ती म्हणाली, आणि ओठ मिटून घेतले. विसरली नव्हती. थुंकायचं नव्हतंच तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फ्रोसो डोकं धरून तिच्या दारात उभी.

"मेले गं! डोकं नुसतं ठणकतंय. दृष्ट काढ माझी."

गल्लीतल्या दृष्टी अर्गिरोच काढायची. पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषाला द्यायची ती प्रार्थना तिला वडिलांकडून मिळाली होती.

"डॉक्टरीण काय म्हणते?"

"तिला काय कळतंय दृष्टीतलं? हे बघ, दृष्ट असली तर काढून टाक, सुटले. पण नसली ना, तर हा त्या सुयांचाच ताप. मग बास झालं. उद्याची खेप रद्द, पुढच्याही रद्द. जातील केस तर जातील."

अर्गिरोने खोलगट बशीत पाणी घेतलं. फ्रोसो डोळे मिटून बसली. पुटपुटत अर्गिरोने तिच्या कपाळावर क्रूस काढला, बोट तेलात बुडवलं आणि थेंब पाण्यात सोडला. दृष्ट नसेल तर थेंब तसाच तरंगतो. हा पडल्या पडल्या फुटला आणि दिसेनासा झाला. दुसराही गेला. तिसराही. कुणाची दृष्ट, हे अर्गिरोला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने बशी मोरीत ओतली.

"दृष्ट-बिष्ट काही नाही. तेल जसंच्या तसं होतं. सुयांचंच आहे हे."

बोलताना तिला आतून गार वाटलं. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

फ्रोसोने डोळे उघडले आणि भडाभडा रडायलाच लागली.

"अगं, केसांसाठी कसली रडतेस?"

"केस गेले खड्ड्यात! मला वाटलं, तुझीच लागली. काल तू थुंकली नाहीस ना, ते बघितलं मी. रात्रभर मनात नको नको ते आलं. तुझ्यावर संशय घेतला गं मी! माझं मनच घाण." तिने नाक पुसलं, पिशवीतून फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर शोधू लागली. "उद्या येत नाही म्हणून सांगते. आपल्या दोघींचे भांग पुन्हा सारखे होऊ देत."

दुसरं काहीही अर्गिरोने पचवलं असतं. हे चांगुलपण घशाखाली उतरेना. तिने फोन हिसकावून घेतला.

"तेल फुटलं होतं," ती म्हणाली. "तिन्ही थेंब. मीच लावली दृष्ट. वर्षभर लावतेय. मलाही टोचून घ्यायचं होतं, माझं रक्तच चालत नाही म्हणाली ती. जा उद्या. घे सुया."

फ्रोसोने हात पुढे केला, फोन परत घेतला आणि पिशवीत टाकला.

"थांब, थुंकते मी आता," अर्गिरो घाईघाईने म्हणाली. "उतरेल लगेच."

"नको."

फ्रोसो उठली. गळ्यातला रुमाल सोडून तिने डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला, बाहेर आलेली एकेक बट आत खोचली आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. मग अर्गिरोकडे न बघता ती बाहेर पडली आणि दार लोटून घेतलं.