निनकल्लाच्या भिंतीतला खिळा

मी एक जुना खिळा आहे. लोखंडाचा नव्हे, मातीचा. डोकं जाड, टोक निमुळतं. हजारो वर्षांपूर्वी, माझी माती ओली असताना, गिरसू गावच्या लेखनिकाने बोरूने माझ्या अंगावर लिहिलं, की एका सुताराने आपलं घर निनकल्लाला विकलं. शेवटी एक ओळ होती. या सौद्याबद्दल जो खोटं बोलेल, त्याच्या तोंडात हाच खिळा ठोकावा.

मित्रांनो, ती ओळ मला कधीच आवडली नाही. पण अंगावरचं मी कसं पुसणार?

दवंडीवाल्या लुगलमूने सगळ्यांसमोर मला भिंतीत ठोकलं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या शेजारी भिंतीला तेल लावलं. सौदा पक्का झाला. माझं अर्धं अंग भिंतीत, अर्धं बाहेर. निनकल्ला एकटी बाई. ती लोकर पिंजायची आणि माझ्या डोक्याला लसणाची जुडी टांगायची. अशीच वर्षं गेली. भिंतीला मिठाचा फुलोरा आला, आणि बाहेरच्या अंगावरची माझी अक्षरं झडली.

सुतार वारला, तसा त्याचा मुलगा उरएन्की गाव गोळा करून दारात उभा राहिला.

"बापानं घर विकलंच नव्हतं, नुसतं राहायला दिलं होतं. खिळा ठोकल्याचं सगळ्यांना आठवतं, पण विकल्याचं कुठं लिहिलंय?"

निनकल्लाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्यावर? त्याला तर खरूज झालीय!"

लोक हसले. मी शरमलो. घर गेलं, तर म्हातारपणी तिला दुसरं छप्पर नव्हतं.

"लुगलमूदादा, खिळा बाहेर काढा," ती म्हणाली. "आतलं अंग बघा."

आतली अक्षरं शाबूत होती का? मलाच ठाऊक नव्हतं. ओल तिथेही पोचत होती. लुगलमू भोवतालची माती खरवडू लागला. मी हललो, आणि कुठेतरी बारीक कट् असा आवाज झाला.

"सावकाश, दादा! तो मोडला तर मी रस्त्यावर आले."

अखेर मी बाहेर आलो. गावच्या नव्या लेखनिकाने मला उजेडात धरलं. अंगठ्याने माती झाडली. मग त्याने सुताराचं नाव वाचलं, निनकल्लाचं वाचलं, आणि ती शेवटची ओळही वाचली.

कोणी हसलं नाही. गावातल्या दोघांनी उरएन्कीला गुडघ्यावर बसवलं. लुगलमूने हातोडा उचलला. माझं टोक उरएन्कीच्या ओठांना टेकलं. त्याचा ऊन श्वास माझ्या अंगावर येत होता.

"थांबा," निनकल्ला म्हणाली. "याचे दात बघितलेत का? खिळाच मोडेल. उद्या याचा भाऊ भांडायला आला, तर त्याला काय दाखवू? हा लसूण?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"त्याला तोंडानं कबूल करू दे. खिळा माझ्या भिंतीत हवा."

उरएन्कीचे ओठ माझ्या टोकाशी हलले. "घर... निनकल्लाचं आहे."

लुगलमूने हातोडा खाली घेतला. भिंतीतल्या त्याच भोकात मी परत गेलो, शेजारी पुन्हा तेल लागलं.

पुढे युगं लोटली. घर ढासळून मातीखाली गेलं, तरी मी भिंतीतच होतो. मग एका माणसाने कुदळीने मला उपटलं आणि कुणाला तरी विकलं. मित्रांनो, मातीत माझ्यासारखं काही दिसलं तर उपटू नका. जाणत्यांना बोलवा, ते कोणत्या भिंतीत आहे हे आधी त्यांना पाहू द्या. आज मी संग्रहालयात काचेच्या पेटीत सुखरूप आहे. जाणते माझी अक्षरं वाचतात, निनकल्लाचं घर होतं म्हणतात. ते नेमकं कुठे होतं, हे मात्र आता कोणालाच सांगता येत नाही.