तिसरी खेप

"ह्यात तर काईच न्हाई गं आक्का!" काचेला नाक लावून बिभीषण म्हणाला. "रिकामी नळी हाय."

"रिकामी कशी? बुडाशी थेंब हाय की," लंकाबाई म्हणाली. थेंब तिलाही दिसला नव्हता. पण धाकट्या भावासमोर लेकीची बाजू पडू देईल ती लंकाबाई कसली!

नगरच्या एमआयडीसीतल्या या लॅबमध्ये लंकाबाईची थोरली धनश्री नोकरीला लागली, तेव्हापासून ती आज पहिल्यांदाच आली होती. तीही पाथर्डीहून बिभीषणच्या जीपमधून, कारण त्याला आजच जबाब हवा होता. बिभीषण ऊसतोडीचा मुकादम. त्याच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा. लंकाबाईचा नवरा गोरक्षनाथ कमरेच्या ऑपरेशननं अंथरुणाला खिळलेला. तेव्हा मामानं तोडगा काढला होता: धाकट्या ऋतुजाची बारावी सोडवायची, टोळीतल्या कानिफनाथशी लग्न लावायचं, की झाला कोयता पुरा. लंकाबाईनं घरी बसून गुडघे शेकावेत. त्या गुडघ्यांपायी तिचं मन डळमळलं होतं, खोटं कशाला बोला!

धनश्री घाईघाईनं दाराशी आली.

"मामा, आपल्या अंगातल्या पेशींवर प्रोटीनच्या खुणा असतात. त्यावरनं शरीर आपलं कोण, परकं कोण ते वळखतं. त्यातली एक खूण आमी इथं पेशी वाढवून त्यांच्याकडनं बनवून घेतो. आजारांवर संशोधन करनारे ती वापरतात. पन तिची घडी, म्हंजे दुमड, जरा चुकली की ती कामाची न्हाई. दोनदा चुकली, दोन्ही खेपा मी फेकून दिल्या. आज तिसरी. घडी बरूबर बसली असंल तर निळा रंग येईल."

"फेकल्या? अन् सायेब काई बोलला न्हाई?"

"बोलले की. पन फेकू दिल्या," म्हणून ती आत पळाली.

काचेपलीकडे तिनं एका पांढऱ्या ताटलीच्या खळग्यांत थेंब थेंब काहीतरी सोडलं. सगळे खळगे पाण्यासारखे स्वच्छ. तिचे साहेब, केस पिकलेले कल्याण सर, हात मागं बांधून तिच्याशेजारी उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. बिभीषणनं जांभई दिली.

मग एका ओळीत निळसर झाक आली. बघता बघता ती गडद झाली. शेजारची ओळ, जिच्यात पडताळ्यासाठी ते प्रोटीन घातलंच नव्हतं, तशीच कोरी राहिली. आता सर रंगाकडे बघतच नव्हते. ते धनश्रीच्या तोंडाकडे बघत होते. तिनं ताटली उचलून उजेडात धरली, दोन्ही ओळी नीट न्याहाळल्या आणि मान डोलावली. तेव्हा कुठं सर हसले.

पेशी आणि घडी लंकाबाईला अर्धीमुर्धीच कळली होती. हे मात्र पुरतं कळलं. तिचा जन्म दुसऱ्याच्या शब्दाची वाट बघण्यात गेला होता. मुकादम म्हणेल तेव्हा उठायचं, ट्रकवाला येईल तोवर फडात बसायचं. आणि इथं एवढा शिकलेला माणूस तिच्या लेकीच्या होकारासाठी थांबला होता. 

"झाला ना रंग? आता बोल," जीपपाशी येऊन बिभीषण म्हणाला. "ऋतुजाचं काय?"

"ऋतुजा शिकंल."

"अन् कोयता?"

"माझा अर्धा धर. मी एकली येते."

"ह्या गुडघ्यांवर?"

"गुडघं माझं हायेत, बिभीषणा. पोरीचं न्हाईत."

 टोळीच्या बायका जीपमध्ये नेहमी मागं बसत, सख्खी बहीण असली तरी. लंकाबाईनं पुढचं दार उघडलं, पदर सावरला आणि मुकादमाच्या शेजारी जाऊन बसली.